पहिला मासा नदीचा

सुरुवातीची शिट्टी होऊन चार मिनिटं झाली असतील. बेरिल टॅम्सच्या गळाला बोटाएवढा एक गजन मासा लागला. तिनं तो ओल्या तळहातावर घेतला, गळ सोडवला आणि वाकून पाण्यात सोडून दिला.

शेजारच्या जागेवरून सिरिल शेरट पाहत होता. दोघांच्या मध्ये वीस पावलांचं अंतर आणि वाळलेली लव्हाळी.

"काय केलंस गं हे?"

"पहिला होता," बेरिल म्हणाली.

"ते दिसलं मला. केलंस काय, ते विचारतोय."

ती गळाला नवी अळी लावत होती. मग तिचा हात थांबला. पाण्यावर गजनाच्या शेपटीचा वळसाही उरला नव्हता.

पहिला मासा नदीचा, असं तिचा बाप म्हणायचा. जेबेझ टॅम्स भट्टीवर आगवाला होता. आठवडाभर चिनीमातीची भांडी भाजायचा आणि रविवारी मुलीला घेऊन ट्रेंट नदीच्या काठी बसायचा. पहिला मासा परत करायचा, आणि दुसरा हाती आल्यावरच जाळी पाण्यात सोडायची. पकडलेले मासे जिवंत ठेवायची ती लांब गोल जाळी, तिचं तोंड काठाला आणि शेपूट खोल पाण्यात. मासा हातात नसताना जाळी सोडणं म्हणजे बारशाआधी नाव ठेवणं. बेरिल सात वर्षांची असल्यापासून हे करत आली होती. आता ती सहासष्ट वर्षांची होती. एवढ्या वर्षांत हात हे काम मनाला न विचारता करायला शिकला होता.

बरा हिवाळा असता तर कुणी लक्षही दिलं नसतं. माणूस पाच तासांत चाळीस रोच मासे काढतो, त्यात एका गजनाची काय कथा. पण त्या जानेवारीत नऊ दिवस पाणी गोठत होतं. टाइलच्या कारखान्यामागं मातीच्या खाणीत आमच्या क्लबचं तळं आहे, त्यावर चार बोटं बर्फ धरला होता. नदी वाहती होती, पण उतरलेली आणि काचेसारखी स्वच्छ. अशा पाण्यात मासे तळाशी गोळा होतात आणि तोंड उघडत नाहीत. मागच्या रविवारी अठ्ठेचाळीस जणांतले एकतीस जण कोरडे, म्हणजे एकही मासा न मिळता, घरी गेले होते.

बेरिल त्या एकतिसांत होती. त्याच्या आदल्या रविवारीही ती कोरडीच होती.

आमच्या क्लबात एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मासेमारीच्या हिवाळी लीग स्पर्धेत प्रत्येक क्लबचे सहा जण बसतात. एका हिवाळ्यात जो तीनदा कोरडा राहील, त्यानं आपली जागा सोडायची. हा नियम बेरिलनंच केला होता, ती कप्तान असताना. त्यात सगळ्यांत आधी सापडला विल्फ मॅचिन. तिनं शेडमध्ये सगळ्यांसमोर भिंतीवरच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. विल्फ म्हणाला, "बरोबर आहे." घरी गेला, आणि पुन्हा नदीवर आला नाही. त्याची काठी, पेटी, सगळं त्या वसंतात विकलं गेलं. आता तोही नाही. आणि आता कप्तान होता त्याचा मुलगा, ग्रॅहम.

त्यामुळे ग्रॅहमला नियम वाकवता येत नव्हता आणि बेरिलला तसं सुचवताही येत नव्हतं. आज तिला फक्त एक मासा हवा होता. वजन कितीही चालेल. आणि तो तिनं चौथ्या मिनिटाला सोडून दिला होता.

हे सगळं मी पाहू शकले, कारण त्या दिवशी तराजू आणि घड्याळ माझ्याकडे होतं. बेरिलच्या मनातलं जे काही इथं आहे, ते तिनंच पुढं कधीतरी चहा पिताना सांगितलेलं.

सकाळी पुलाजवळ गाड्या लावल्या तेव्हा अजून उजाडायचं होतं. ग्रॅहम तिच्याजवळ गेला आणि खिशातून एक चपटी डबी काढली.

"गळ बांधलेत मी. बावीस नंबरचे. दहा जास्तीचे आहेत."

"मला कशाला?"

"थंडी आहे. बोटं चालत नाहीत कुणाचीच."

"माझी चालतात," बेरिल म्हणाली आणि पेटी उचलून पुढं गेली.

तिची बोटं चालत नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बावीस नंबरचा गळ म्हणजे तांदळाच्या कणीएवढा, आणि दोरा केसाहून बारीक. वसंतापासून तिचा उजवा हात थरथरत होता. ती चहाचा कप डाव्या हातानं धरायला लागली होती आणि आम्ही ते पाहिलं नाही असं दाखवायला लागलो होतो. कारण तो हात साधा नव्हता. चौतीस वर्षं तिनं चिनीमातीच्या कारखान्यात कपांच्या कडेला सोन्याची रेघ ओढली होती. चाकावर कप ठेवायचा, डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्या हातात कुंचला, श्वास सोडायचा आणि तो संपायच्या आत रेघ पूर्ण करायची. जिथं सुरू झाली तिथंच मिटायची, जोड दिसता कामा नये. दिवसाला साडेचारशे कप. सिरिल त्याच कारखान्यात भट्टी लावायचा. तो म्हणायचा, बेरिलच्या रेघेवरून मुंगी चालली तर पुन्हा पुन्हा तिथंच यायची आणि तिला कळायचं नाही.

पिशवीतून जागांचे नंबर काढले. बेरिलला निघाला एकोणीस. त्या काठाचा शेवटचा नंबर. वरच्या बाजूला पाण्यात पडलेलं विलोचं झाड, त्याच्या खाली खोल, संथ पाणी.

"उन्हाळ्यातली गादी," सिरिल म्हणाला. त्याला अठरा मिळाला होता. तो दुसऱ्या क्लबचा, म्हणून मोकळेपणानं बोलायचा. "हिवाळ्यात मात्र त्या झाडाखाली पाइक झोपतो. त्याला उठवू नकोस."

पाइक लीगमध्ये धरत नाहीत. तो मोठा, दातांचा मासा, दुसऱ्या माशांना खातो. दहा पौंडाचा काढला तरी निकालाच्या पाटीवर माणूस कोरडाच.

गजन गेल्यावर पहिले दोन तास बेरिलकडं काहीच झालं नाही. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता. ती दर पाच मिनिटांनी काठीचं टोक पाण्यात बुडवून बर्फ उतरवायची, चार अळ्या टाकायची, लाल टोकाचा तरंगता फ्लोट वरच्या बाजूला सोडायची आणि तो झाडापासून खाली वाहत येताना पाहत राहायची. सिरिलला साडेदहाला एक रोच मिळाला. अकराला दुसरा.

"तुझ्याकडं वारा सुटलाय का गं?" तो एकदा म्हणाला. "फ्लोट नाचतोय नुसता."

मग त्यालाच कळलं की वारा कुठंच नव्हता. तो खोकला, फ्लास्क उघडला आणि चहा ओतला.

बाराच्या सुमारास बेरिलचा फ्लोट एकदा अर्धा बुडाला. सरळ, स्वच्छ. तिनं हात उचलला, पण तो आधी थरथरला आणि मग उचलला गेला. गळ रिकामा आला. अळी चपटी झाली होती, रस गेलेली. माशानं ती तोंडात धरली होती.

मी तेव्हा तिच्या मागून जात होते. तिनं मागं पाहिलं नाही.

"किती वाजले?"

"बारा दहा."

"काठावर काय आहे?"

"चौदा ते एकोणीस, तुमच्या या सहा जागांमध्ये सिरिलचे दोन, आणि चौदा नंबरवर एक. बाकी कुणाला काही नाही."

"ग्रॅहम?"

"तो वरच्या काठाला. त्याला तीन."

तिनं मान हलवली. पिशवीतून तिनं ओटचं धिरडं काढलं, चीज आणि बेकन गुंडाळलेलं. थंडीनं ते चामड्यासारखं झालं होतं. दोन घास खाल्ले आणि उरलेलं परत गुंडाळून ठेवलं. जाळी तिच्या पायाशी अजून गुंडाळलेलीच होती, कोरडी.

एक वाजता सिरिल लव्हाळीपाशी आला. स्वतःची जागा सोडून शेजाऱ्याकडे जायला मनाई नाही, फक्त काठी पाण्याबाहेर ठेवावी लागते. तो खाली बसला आणि हलक्या आवाजात बोलला. पण पाण्यावरून आवाज दूर जातो.

"बेरी, ऐक. माझ्या जाळीत दोन आहेत. मी आता झुडपामागं जाऊन येतो. म्हातारा माणूस, वेळ लागतो मला."

"मग जा की."

"जाळीचं तोंड काठालाच आहे, म्हणतोय."

बेरिलनं फ्लोटवरची नजर काढली नाही. "तू दुसऱ्या क्लबचा आहेस, सिरिल."

"म्हणूनच तर. कुणाच्या मनातही येणार नाही."

"विल्फला कुणी दिला होता?"

उठताना सिरिलचे गुडघे वाजले. आपल्या जागेवर परत जाऊन त्यानं टोपी कानांवर ओढली, आणि झुडपामागं गेलाच नाही.

दोन वाजता शेवटची शिट्टी होती. पावणेदोनला ऊन गेलं. नदीचा रंग शिशासारखा झाला. काठाला पातळ बर्फाची कड धरायला लागली. शेवटचा अर्धा तास मी एकोणीसच्या मागंच उभी होते. तसं मी कुठंही उभी राहू शकले असते.

दोनला सहा मिनिटं असताना बेरिलनं एक गोष्ट बदलली. तिनं फ्लोट वर सरकवला, म्हणजे अळी तळाला टेकून जाईल इतकी खोल, आणि तो झाडाच्या अगदी फांद्यांशी सोडला. तिथं आतापर्यंत तिनं सोडला नव्हता. फ्लोट फांदीला घासून खाली आला. पुन्हा सोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो फांदीपासून हातभर आला आणि नाहीसा झाला.

या वेळी हात वेळेवर उठला. काठीचं टोक वाकलं आणि टकटक करायला लागलं. रोच असाच डोकं झटकतो.

"दोनच औंसाचा असेल," सिरिल पुटपुटला. "चालेल. चालेल. घाई करू नको."

ती घाई करत नव्हती. मासा झाडापासून बाजूला आला, मधल्या पाण्यात आला. चांदीसारखी कूस एकदा खाली चमकली. मग त्या चांदीखालून काहीतरी लांब, हिरवट वर आलं, वळलं, आणि काठी एकदम खाली दाबली गेली.

टकटक थांबली. आता नुसता भार होता. संथ, जिवंत भार, झाडाकडे परत निघालेला.

"पाइकनं धरला," सिरिल म्हणाला.

घड्याळात दोन वाजले होते. मला शिट्टी वाजवणं भाग होतं. मी वाजवली.

शिट्टीच्या आधी गळाला लागलेला मासा शिट्टीनंतर पंधरा मिनिटांत काढता येतो. रोच आधी लागला होता, त्यामुळे तो धरला असता. फक्त तो पाइकच्या तोंडात होता. दोरा एका पौंडाचाही भार सोसणारा नव्हता. ओढला तर तुटणार. सैल सोडला तर पाइक झाडाखाली जाऊन रोच तोंडात फिरवणार आणि डोक्याकडून गिळणार. शिट्टीनंतर मदत कुणाची घेता येत नाही. सल्लासुद्धा नाही.

काठाकाठानं माणसं यायला लागली. ग्रॅहम वरच्या काठावरून जवळजवळ धावतच आला, आणि दहा पावलांवर थांबला. सिरिल बेरिलच्या सगळ्यांत जवळ होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेऊन एकमेकांत अडकवले, सगळ्यांना दिसतील असे.

"तीन मिनिटं झाली," मी म्हणाले.

बेरिलचा उजवा हात आता लपत नव्हता. काठीचं टोक सारखं कापत होतं. त्या प्रत्येक थरथरीनं पाइक थोडा पुढं जात होता. त्याला कळत होतं की वर कुणीतरी आहे.

मग तिनं काठी खाली ठेवली.

पुढ्यातल्या दोन टेकूंवर ठेवली, रिळाची कडी उघडली आणि हात सोडला. मागं कुणीतरी श्वास ओढल्याचा आवाज झाला. दोरा रिळावरून वळसा वळसा सुटायला लागला. तिनं उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसली. डाव्या हाताची तर्जनी दोऱ्याखाली धरली. दोरा बोटावरून जात राहिला.

"सहा."

दोरा थांबला. पाइक झाडाखाली पोचला होता.

आता तो रोच फिरवणार होता. आडवा धरलेला मासा सरळ करायला पाइकला जबडा क्षणभर सैल करावा लागतो. तो क्षण पाण्याखाली असतो, दिसत नाही. आधी ओढलं तर तो दात आवळतो. नंतर ओढलं तर मासा पोटात.

"आठ."

ग्रॅहमचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बेरिलनं डोळे मिटले. तिची मान किंचित एका बाजूला कलली, जशी चाकाशी बसलेली बाई कलवते. थंडीत तिचा श्वास दिसत होता. एक बाहेर आला, विरला. दुसरा आला, विरला.

"दहा मिनिटं."

तिसरा श्वास यायला लागला आणि तो अर्ध्यावर असताना तिनं कडी मिटवून काठी उचलली. डाव्याच हातानं, ओढल्यासारखी नाही, कप चाकावरून उचलावा तशी.

काठी हलकी वर आली. आधी वाटलं, तुटलं. मग टोकाला टकटक सुरू झाली, अगदी बारीक. झाडाखाली पाणी एकदा उलटंपालटं झालं आणि शांत झालं. तिनं काठी काखेत दाबली, रीळ फिरवलं. चांदीचा एक तुकडा पाण्यावर आडवा घसरत आला. हातजाळी तिनं डाव्या हातात घेतली. जाळीचं कडं आधी बर्फाच्या कडेवर आपटलं, मग खाली गेलं, मग वर आलं.

"तेरा," मी म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं तरी.

रोचच्या दोन्ही बाजूंना दातांच्या रेघा होत्या आणि बरेच खवले गेले होते. गळ ओठातच होता. बेरिलनं पायाशी गुंडाळलेली जाळी उलगडली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यात सोडली. रोच आत टाकला. तो आडवा पडला.

मेलेला मासा वजनाला धरत नाहीत. आणि वजन त्या सहा जागांतल्या पहिल्या नंबरापासून, म्हणजे चौदापासून, सुरू होतं.

ग्रॅहमच्या हातात वजनांचा कागद होता. त्यानं पेन्सिल काढली.

"थांब," बेरिल म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत जाळीत. "तराजू येऊ दे इथवर. तोवर तो उलटला तर कोरडी लिहायचं."

"बेरिल, सगळ्यांनी बघितलंय—"

"कोरडी लिहायचं."

मी तराजू घेऊन चौदाकडे गेले. पंधरा, सोळा, सतरा, तिन्ही कोरडे. मला एवढं भरभर चालता येतं हे मला ठाऊक नव्हतं. सिरिलचे दोन रोच तोलायला त्यानं स्वतःच जाळी उचलून तयार ठेवली होती. "लवकर कर, बाई," तो म्हणाला. "माझ्या माशांना बघून काय करणार."

एकोणीसवर आले तेव्हा बेरिल तशीच बसलेली होती. रोचचं डोकं प्रवाहाकडे करून तिनं तो दोन्ही तळव्यांमध्ये सरळ धरला होता. हात लाल झाले होते. उजवा थरथरत होताच. माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते, पण खूप वेळ घेऊन.

"सोड आता," ग्रॅहम म्हणाला. "बघू दे."

तिनं हात बाजूला केले. रोच थोडा कलला. खाली गेला. मग शेपूट एकदा हलली, पुन्हा हलली, आणि तो जाळीच्या खोल टोकाकडे पोहत गेला.

तराजूत तो एक औंस बारा ड्रॅम, जेमतेम पन्नास ग्रॅम, भरला. मी आकडा मोठ्यानं म्हटला. शेजारचा साक्षीदार म्हणून सिरिलनं कागदावर सही केली, आणि सही करताना नाक पुसलं. "थंडी," तो म्हणाला. मग पेन्सिल परत देत, "विलोखालचा तो पाइक आज उपाशी राहिला. तुझ्या नावानं बोटं मोडत असेल."

"मोडू दे," बेरिल म्हणाली. "मी त्याला जेवायला बोलावलं नव्हतं."

रोच नदीत परत गेला. माणसं पांगली. ग्रॅहम मागं राहिला, तिची जाळी निथळत धरून. बर्फानं ती आत्ताच कडक व्हायला लागली होती.

"पुढच्या रविवारी सात वाजता," तो म्हणाला. "पुलापाशी."

बेरिल पेटीवर बसली होती, हात काखांमध्ये दाबून. तिनं विचारलं, "तुझ्या बापानं कधी कुणाला गळ बांधून मागितले होते का रे?"

ग्रॅहमनं जाळीची शेपूट पिळली. "मला. एकदा. त्याला दिसत नव्हतं नीट, शेवटी शेवटी."

"मग?"

"मी हसलो होतो."

पुलावरून कुणीतरी गाडी सुरू केली. बेरिलनं उजवा हात काखेतून काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो तसाच पुढं केला. थरथर लपवायचा काहीही प्रयत्न न करता.

"दे ती डबी," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी गाठ तुझ्या बापासारखी मार. तुझी सुटते."